पाळत आणि राखण

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी, शेताला पाणी देण्याची एक जुनी रीत आहे. काही गावांत ती अजून तग धरून आहे. तिला फड पद्धत म्हणतात आणि तिचं वय 300 ते 400 वर्षं मानलं जातं. नदीवर बंधारा घालायचा, त्यातून दोन ते बारा किलोमीटर लांबीचा कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग न्यायचे. गावाचं बागायती रान साधारण चार फडांत वाटलेलं असे. एका फडात एकच पीक. एका-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं. यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव एकत्र बसून ठरवी.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फडातला शेतकरी स्वतःच्या शेतात स्वतः दारं धरत नसे. ते काम पाटकऱ्याचं. पाटकरी क्रमानं एकेका शेतात पाणी सोडायचा, त्याच्यावर हवालदाराची देखरेख असायची आणि पाटावर, पिकावर जागल्याचा पहारा असायचा. या सगळ्यांची मजुरी पाणी घेणारे शेतकरीच मिळून देत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नदी आटत आलेली असताना, ज्याचं वर्षभराचं पोट त्या पाण्यावर आहे, त्या माणसानं पाण्याची चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची ही साधी गोष्ट नव्हे. याला विश्वास म्हणायचं का? म्हणायला हवं. पण मग हवालदार कशाला आणि जागल्या कशाला? विश्वास असेल तर पहारा नको आणि पहारा असेल तर विश्वास कुठला, असं आपण सहज बोलून जातो. फडातल्या शेतकऱ्यांना मात्र दोन्ही एकाच वेळी लागत होते आणि दोन्हींच्या जोरावर ती व्यवस्था काही शतकं चालली.

मराठीत एखाद्यावर लक्ष ठेवण्यासाठी अनेक शब्द आहेत. त्यांतले दोन शेजारी ठेवून पाहा. ‘पाळत’ माणसावर ठेवतात. तो काय करतो हे त्याच्या नकळत पाहणं, त्याला पकडण्याच्या तयारीनं पाहणं, म्हणजे पाळत. ‘राखण’ एखाद्या गोष्टीची करतात. शेताची, रानाची, घराची. राखणीत नजर माणसाकडे असली तरी जीव त्या गोष्टीत असतो. माणसं एकत्र येऊन काही उभारतात तेव्हा त्यांच्यातली देखरेख कोणत्या जातीची आहे, पाळतीची की राखणीची, यावर त्यांचं सहकार्य टिकणार की विस्कटणार हे बऱ्याच अंशी ठरतं. गेल्या 50 वर्षांत अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रानं या प्रश्नावर बरंच काम केलं आहे.

कुरणाची गोष्ट आणि तिला मिळालेलं उत्तर

1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचा एक लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातलं उदाहरण पुढे जगभर गाजलं. एक सामायिक कुरण आहे आणि कोणीही त्यात गुरं चारू शकतो. प्रत्येक गुराख्याला वाटतं, आणखी एक जनावर सोडलं तर फायदा सगळा माझा आणि गवताचं नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जाणार. सगळेच असा विचार करतात आणि कुरण उजाड होतं. हार्डिन यांच्या या मांडणीतून अनेक धोरणकर्त्यांनी दोनच वाटा काढल्या: सामायिक गोष्टी एकतर सरकारच्या ताब्यात द्या, नाहीतर खासगी मालकीच्या करा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या निष्कर्षाला उत्तर दिलं आणि ते प्रत्यक्ष गावांत, रानांत, पाटांवर काय घडतं ते पाहून दिलं. 1990 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावकीची रानं, स्पेनमधले पाट, फिलिपाइन्समधल्या पाणीसंस्था, तुर्कस्तानातले मच्छीमार अशा अनेक व्यवस्थांचा अभ्यास आहे. त्यांतल्या काही शेकडो वर्षं टिकल्या, काही कोसळल्या. टिकलेल्यांत काय सारखं आहे, हे त्यांनी शोधलं. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यांना सापडलेल्या आठ सूत्रांपैकी दोन आपल्या विषयाची आहेत. पहिलं असं की टिकलेल्या प्रत्येक व्यवस्थेत देखरेख होती आणि देखरेख करणारे एकतर स्वतः वापरकर्ते होते किंवा वापरकर्त्यांना जबाब देणारे होते. दुसरं सूत्र शिक्षेविषयीचं. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होई, पण ती पायरीपायरीनं. पहिल्या चुकीला अगदी किरकोळ दंड, चूक पुन्हा पुन्हा झाली तर मोठा. किरकोळ दंड हा खरं तर निरोप असतो: आमच्या लक्षात आलं आहे, आणि तू अजून आमच्यातलाच आहेस.

देखरेखीवर खर्च होतो. वेळ जातो, वाईटपणा घ्यावा लागतो. मग ती करणार कोण? तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अलान्याच्या मच्छीमारांनी यावर सुंदर तोड काढली. 1970च्या दशकात तिथे साधारण 100 मच्छीमार होते आणि चांगल्या जागांवरून भांडणं होत. त्यांनी जाळी टाकण्याच्या सगळ्या जागांची यादी केली. दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा मिळायची. मग जानेवारीपर्यंत प्रत्येकानं रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचं आणि त्यानंतर मे महिन्यापर्यंत रोज एक जागा पश्चिमेकडे. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. ज्या दिवशी ती येते त्या दिवशी तो पहाटेच हजर असतो आणि दुसरा कोणी घुसला तर त्याला ते तिथल्या तिथे दिसतं. पहारेकरी नेमावा लागत नाही, पाळीच पहारा देते. आपल्याकडे पाण्याच्या पाळीवर पुढचा शेतकरी वेळेआधी बांधावर येऊन उभा राहतो, तेव्हा हेच घडत असतं.

चौघांचा खेळ

पण मुळात माणसाला दुसऱ्याच्या नजरेची गरज का पडते? याचं उत्तर एका साध्या खेळातून मिळतं. अर्न्स्ट फेअर आणि सायमन गेख्टर यांनी झुरिकमध्ये केलेल्या त्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष 2000 आणि 2002 साली प्रसिद्ध झाले.

चार जण आहेत. प्रत्येकाकडे 20 नाणी. यातली हवी तितकी सामायिक पेटीत टाकायची, उरलेली स्वतःकडे ठेवायची. पेटीत पडलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांपैकी प्रत्येकाला 0.4 नाणं मिळतं. चौघांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे 20चे 32 होतात. पण तिघांनी टाकलं आणि चौथ्यानं हात आखडला, तर तिघांना 24 मिळतात आणि चौथ्याला 44. हा चौथा कुठल्याही गणेशोत्सव मंडळात, सोसायटीत किंवा कार्यालयात आपल्या ओळखीचा असतो.

हा खेळ फेरीमागून फेरी खेळला की सुरुवातीला माणसं बऱ्यापैकी देतात आणि मग वर्गणी घसरत जाते. शेवटच्या फेऱ्यांत पेटी जवळजवळ रिकामी राहते. यावरून माणूस मुळात स्वार्थीच, असं वाटेल. पण 2001 साली उर्स फिशबाखर, गेख्टर आणि फेअर यांनी खेळाडूंच्या देण्यामागची रीत तपासली, तेव्हा साधारण निम्मे लोक ‘इतर जितकं देतील त्या मानानं मी देईन’ अशा वृत्तीचे निघाले. कधीच काही न देणारे साधारण 30 टक्के होते. म्हणजे पेटी रिकामी होते ती सगळे लबाड असतात म्हणून नाही. निम्म्या लोकांना हळूहळू कळतं की आपण देतोय आणि कोणीतरी फुकट खातोय. ते हात आखडतात. ते पाहून पुढचे आखडतात. आपण वेडे ठरलो, ही भावना लोभापेक्षा जास्त नुकसान करते.

मग फेअर आणि गेख्टर यांनी खेळात एक बदल केला. प्रत्येक फेरीनंतर कोणी किती टाकलं ते सगळ्यांना दिसेल आणि हवं तर स्वतःचं एक नाणं खर्च करून दुसऱ्याची तीन नाणी कापता येतील. स्वतःच्या खिशाला चाट लावून लोकांनी ही शिक्षा वापरली. पुढच्या फेरीत गट बदलणार आणि ही माणसं पुन्हा भेटणार नाहीत हे माहीत असतानाही वापरली. आणि घसरणारी वर्गणी वर चढू लागली.

आणखी एक प्रयोग जर्मनीत झाला, त्याचे निष्कर्ष 2006 साली आले. खेळाडूंना विचारलं गेलं, शिक्षेची सोय असलेल्या गटात जाल की नसलेल्या? सुरुवातीला साधारण एक तृतीयांश लोक शिक्षेच्या गटात गेले, कारण दंडाचं नाव कोणालाच आवडत नाही. खेळ संपेपर्यंत जवळजवळ सगळे तिकडे सरकले होते. तिथे प्रामाणिकपणा परवडतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवलं की माणसांना आधी आपसांत बोलू दिलं आणि शिक्षा ठेवायची की नाही, ठेवायची तर किती, हे त्यांनीच ठरवलं, तर गट शक्य त्या फायद्याच्या जवळजवळ 90 टक्क्यांपर्यंत पोचतात. शिक्षेचा हत्यारासारखा वापर होण्याआधी ती कराराचा भाग झाली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

दंडाची पावती आणि मालकाचं मन

आता दुसरी बाजू. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी एक प्रयोग केला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना थांबून राहावं लागे. सहा पाळणाघरांत दंड सुरू केला: 10 मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे 10 शेकेल. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. झालं उलट. उशिरा येणाऱ्या पालकांची संख्या वाढत जाऊन जवळपास दुप्पट झाली. काही आठवड्यांनी दंड बंद केला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही.

दंड नव्हता तेव्हा शिक्षिका थांबल्या आहेत याची पालकांना भीड वाटत होती. दंड आला आणि उशीर ही विकत मिळणारी सेवा झाली. पैसे भरले की भीड संपली. एकदा मोडलेली भीड दंड काढून घेतल्यानं परत येत नाही.

आर्मिन फाल्क आणि मिखाएल कोसफेल्ड यांच्या 2006 सालच्या प्रयोगात एक मालक आणि एक कामगार अशा जोड्या होत्या. कामगाराकडे 120 गुण असत. त्यातले तो जितके देईल त्याच्या दुप्पट मालकाला मिळत. मालकाला दोन पर्याय: कामगारावर सोपवून द्यायचं, किंवा ‘किमान 10 गुण दिलेच पाहिजेत’ अशी अट घालायची. ज्यांच्यावर सोपवलं त्यांनी सरासरी 23 गुण दिले. ज्यांच्यावर अट घातली त्यांनी सरासरी 17.5. अटीनं सर्वांत आळशी माणसाकडून 10 गुण वसूल केले, पण मनानं देणाऱ्यांचा हात आखडला. ‘हा मला चोर समजतो’ हे कळल्यावर माणूस नेमून दिलेल्यापेक्षा जास्त का करील?

याच प्रयोगाचा एक भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. 10 गुणांची तीच किमान अट मालकानं न घालता खेळाच्या नियमातच असली, म्हणजे ती सगळ्यांना सारखी लागू असली, तर लोकांनी पुन्हा मोकळ्या हातानं दिलं. मर्यादा तीच होती, आकडाही तोच. फरक एवढाच की तिच्यात कोणाचा आपल्यावरचा संशय नव्हता.

म्हणजे माणसाला नियमाचा जाच होत नाही, त्यातून व्यक्त होणाऱ्या संशयाचा होतो. पाळत आणि राखण यांतला भेद असा खेळातल्या गुणांतही उमटतो.

साव माणसासाठी कुलूप

सकाळी कोणत्याही गावच्या दूध संकलन केंद्रावर जा. रांगेत किटल्या असतात. प्रत्येकाच्या दुधाचं माप घेतलं जातं, नमुना यंत्राला लावला जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे सगळ्यांसमोर येतात, पावती निघते. गावच्या पाटलाच्या किटलीलाही तेच आणि एक म्हैस असलेल्या बाईच्या किटलीलाही तेच. ही देखरेखच आहे, पण तिचा अपमान वाटत नाही. उलट यंत्र बंद पडलं तर निर्भेळ दूध घालणारा आधी अस्वस्थ होतो. तपासणी नसेल तर त्याच्या दुधाला आणि पाणी घातलेल्या दुधाला एकच भाव. मग काही दिवसांनी त्याच्याही मनात येतं, आपणच का? चांगली तपासणी लबाडाला पकडते हा तिचा लहान उपयोग. सच्च्या माणसाला सच्चं राहणं परवडतं हा मोठा.

बचत गटांच्या बायकांनी हे केव्हाच ओळखलं आहे. 10 ते 20 जणींचा गट. नाबार्डनं 1992 साली बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा ते 500 गटांपुरतं होतं. पुढे ती चळवळच झाली. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नियमित नोंदी येतात. पाचही सूत्रांत ‘विश्वास’ हा शब्द नाही. पण बैठकीत सगळ्यांसमोर पैसे मोजले जातात, कोणाचं किती कर्ज आणि किती फिटलं हे मोठ्यानं वाचलं जातं, आणि त्यातूनच विश्वास तयार होतो. ज्या गटात बैठका बंद पडतात आणि वही एकीच्याच घरी राहते, तिथे तिनं एक रुपयाही खाल्ला नसला तरी कुजबुज सुरू होते.

आफ्रिकेतल्या नायजर देशात 1991 साली अशाच बचत मंडळांची एक पद्धत सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. तिच्यात पैशांच्या पेटीला तीन कुलपं असतात. किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे आणि पेटी चौथीकडे. पेटी उघडते ती फक्त भर बैठकीत. पहिल्यांदा ऐकताना हा अविश्वासाचा कळस वाटतो. पण पेटी सांभाळणाऱ्या बाईच्या जागी बसून पाहा. उद्या हिशेबात चार पैसे कमी आले तरी तिच्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. ती तीन कुलपं तिची अब्रू राखतात.

विश्वास आणि देखरेख यांचं हे नातं इथिओपियाच्या बाले भागातल्या जंगलांत मोजलं गेलं आहे. देवेश रुस्तगी, स्टेफनी एंगेल आणि कोसफेल्ड यांनी तिथल्या 49 वनगटांचा अभ्यास केला, तो 2010 साली प्रसिद्ध झाला. ‘इतर देतील तर मी देईन’ या वृत्तीचे लोक ज्या गटांत जास्त, त्यांच्या जंगलात नवी झाडं जास्त जोमानं वाढत होती. त्यामागचं एक मोठं कारण असं की हेच लोक जंगलात जास्त वेळ गस्त घालत होते. एकमेकांवर विश्वास टाकणारे लोक राखणीत मागे नव्हते, सर्वांत पुढे होते. ज्याला रान आपलं वाटतं तोच रात्री उठून पाहायला जातो.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव याच वाटेनं गेलं. गावाचे निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचे, अभ्यासगट चालवायचे, जंगलाची राखण आपण करायची, हे त्यांनी कायदा येण्याच्या कितीतरी आधी ठरवलं. वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. कागद नंतर आला. राखण आधीपासून होती.

नजर कोणाची?

इतकं वाचून असं वाटेल की शेजाऱ्याची नजर नेहमीच भली असते. तसं नाही, आणि हे स्पष्ट बोलायला हवं.

आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्त संस्थांनी गटांना कर्जं दिली. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, म्हणून बाकीच्याच तिच्या दारात. बाहेरून पाहता ही बचत गटासारखीच रचना होती. पण नियम गटानं केलेले नव्हते, पैसा गटाचा नव्हता, आणि बायकांची एकमेकींवरची नजर दुसऱ्याच कोणाच्या वसुलीसाठी वापरली जात होती. एकाच बाईवर अनेक संस्थांची कर्जं चढत गेली. जाच आणि आत्महत्यांच्या बातम्यांनी हे प्रकरण इतकं चिघळलं की ऑक्टोबर 2010 मध्ये राज्य सरकारनं वटहुकूम काढला. मैत्रिणींची राखण पाळतीत बदलायला मालक बदलणं पुरेसं ठरलं.

घरचं उदाहरण याहून जुनं आणि कडू आहे. जातपंचायती आणि गावकी यांचीही माणसांवर नजर असते. आंतरजातीय लग्न केलं, पंचांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेलं की वाळीत टाकायचं. पाणी बंद, बोलणं बंद, मयताला खांदा द्यायलाही कोणी नाही. या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. 2016 साली तो विधिमंडळात संमत झाला आणि 2017 मध्ये लागू झाला. जुन्या गावगाड्यातली राखणही निष्कलंक नव्हती. गावाचा पहारा अनेकदा महार आणि रामोशी समाजांच्या माथी असे आणि निर्णयाच्या बैठकीत मात्र त्यांना स्थान नसे.

प्रयोगशाळेतही ही काळी बाजू दिसली. 2008 साली बेनेडिक्ट हेरमान, ख्रिश्चन थोनी आणि गेख्टर यांनी तोच चौघांचा खेळ जगातल्या 16 शहरांत खेळवला. काही शहरांत लोकांनी कमी देणाऱ्यांना दंड केलाच, पण जास्त देणाऱ्यांनाही केला. जिथे कायद्याच्या राज्यावरचा भरवसा कमी, तिथे हा प्रकार जास्त होता. शिक्षेचा अधिकार असला म्हणजे तो भल्याच्याच बाजूनं वापरला जाईल याची हमी नाही.

म्हणून देखरेखीची कोणतीही व्यवस्था मी तीन प्रश्नांवर पारखतो. ज्यांच्यावर नजर आहे त्यांचा नियम ठरवण्यात वाटा आहे का? नजर ठेवणाऱ्यावर त्यांना नजर ठेवता येते का? आणि चुकलेल्याला परतीची वाट आहे का? फडाची आणि बचत गटाची रचना या कसोट्यांवर बरीचशी उतरते. जातपंचायत तिन्हींत नापास होते.

दुसरा प्रश्न आपण फार कमी वेळा विचारतो. आपल्याकडची नजर सहसा वरून खाली जाते. मजुराची हजेरी घेतली जाते, पण ऊस मोजणाऱ्या काट्यावर शेतकऱ्याला सहसा उभं राहता येत नाही. ‘काटा मारला’ हे शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी इतके मुरले आहेत, यातच काय ते आलं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 साली जनसुनावण्या सुरू केल्या. गावच्या कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचायची, एवढंच. न झालेली कामं झालेली दाखवली होती, कामावर न गेलेल्यांच्या नावे मजुरी उचलली होती, हे त्या वाचनातून उघड झालं. त्यातून माहितीच्या अधिकाराची मागणी पेटली. महाराष्ट्रात 2002 साली आणि देशात 2005 साली तो कायदा झाला. बचत गटाची बाई वही मोठ्यानं वाचते आणि गाव हजेरीपट मोठ्यानं वाचतं, या दोन्हींची जात एकच.

रात्र वाटून घेणं

शेवटी फडाकडे परत जाऊ, पण आधी नेपाळमधले पाट पाहू. नेपाळमध्ये शेतकऱ्यांनी चालवलेल्या आणि सरकारी खात्यानं चालवलेल्या शंभराहून जास्त पाटांची तुलना ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. शेतकऱ्यांचे पाट मातीचे, दगडांचे, दर पावसाळ्यात वाहून जाणारे. सरकारी पाट बऱ्याचदा पक्के, सिमेंटचे. तरीही शेपटाकडच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्यात शेतकऱ्यांचे पाट सरस ठरत. कच्चा बंधारा दरवर्षी दुरुस्त करायला खालच्या शेतकऱ्यांचे हात लागत, म्हणून वरचे त्यांना पाणी सोडत. बंधारा पक्का झाला की वरच्यांना खालच्यांची गरज उरत नाही आणि पाणी खाली जाणं थांबतं. एकमेकांची गरज हीच विश्वास आणि राखण या दोन्हींच्या मुळाशी असलेली माती आहे.

फडांच्या बाबतीतही ही माती धुपत गेली. नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, शेतात विहिरी आणि पंप आले. ज्याला स्वतःचं पाणी मिळालं त्याला गावानं ठरवलेल्या पिकाशी बांधून राहायचं कारण उरलं नाही. त्याला दोष देता येणार नाही. पंपानं अनेकांना पाटाच्या आणि गावकीच्या तंत्रातून मोकळं केलं. पण त्या मोकळेपणाची किंमत आज रात्री शिवारात दिसते. शेतीची वीज अनेकदा रात्री येते. मग थंडीत, साप-विंचवांत, बिबट्याच्या भीतीत शेतकरी एकटा उठतो, मोटर सुरू करतो आणि दारं धरत उभा राहतो. शेजारच्या बांधावर दुसरा असाच एकटा असतो. आख्खं शिवार जागं असतं आणि कोणीच कोणासाठी जागं नसतं.

फडात रात्री पाटकरी आणि जागल्या जागे असत आणि बाकीचं गाव झोपलेलं असे. विश्वासाची याहून खरी खूण मला माहीत नाही. फक्त जागण्याचं ते काम एकाच जातीच्या, एकाच गरिबाच्या माथी मारलेलं नको. ते आळीपाळीनं सगळ्यांच्या वाट्याला यायला हवं, अलान्याच्या जाळ्यांसारखं. आपल्या सोसायटीत, कार्यालयात, गावात उद्या एखादा कॅमेरा किंवा हजेरीचं यंत्र बसणार असेल, तेव्हा तिथे ही पाळी आहे का, तेवढं विचारून पाहावं. पाळी असेल तर रात्र वाटून घेता येते. नसेल तर तिथे फक्त पाळत उरते, आणि ती ठेवणाराही झोपू शकत नाही.